मन्मथअप्पा 'कट' म्हणत नाहीत

१९ जानेवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर आमच्या लघुपटाचा पहिला शॉट सुरू झाला. ज्ञानोबातात्यांनी एका कुलूपबंद घराच्या अंगणातल्या तुळशीला तांब्याभर पाणी घालायचे आणि चालत चौकटीबाहेर जायचे, एवढेच त्यात अपेक्षित होते. तात्यांनी पाणी घातले. तात्या चौकटीबाहेर गेले. कॅमेरा चालूच राहिला. रिकामे अंगण, ओली तुळस, एक शेळी, पुन्हा रिकामे अंगण. मी ध्वनिमुद्रणाची काठी डोक्यावर तोलून उभी होते आणि दिग्दर्शक आता 'कट' म्हणतील, मग म्हणतील, अशी वाट पाहत होते. अखेरीस कॅमेऱ्याची बॅटरी संपली, तेव्हा तो शॉट संपला.

तात्या मात्र सापडेनात. तात्या एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. घंटीशिवाय गाडी हलत नाही आणि घंटीशिवाय थांबतही नाही, या तत्त्वावर त्यांनी सारी नोकरी केली. 'कट' ऐकल्याशिवाय थांबायचे नाही, असे त्यांना आदल्या दिवशी बजावलेले होते. गोविंद मोटारसायकल घेऊन शोधायला गेला, तेव्हा ते फाट्यावरच्या हॉटेलात, तांब्या शेजारी ठेवून, भजी खाताना आढळले.

"मी थांबलो न्हाई बरं का," तात्या त्याला म्हणाले. "रस्ता संपला म्हणून बसलोय. कट झालं का?"

झाले नव्हते. मन्मथअप्पांच्या राज्यात ते कधीच होत नाही.

मन्मथअप्पा हे आमच्या घाटनांदूरचे व्हिडिओ शूटिंगवाले. पंचक्रोशीतली निम्मी लग्ने त्यांच्या कॅमेऱ्यातून पार पडली आहेत, माझ्या आईवडिलांचेही. पांढरा सदरा, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि खांद्यावर कॅमेऱ्याचा पट्टा. यांपैकी पट्टा तेवढा अंघोळीच्या वेळी निघतो, असे गावात बोलले जाते. लघुपट करायचे मी आणि गोविंदने ठरवले. गोविंद माझा वर्गमित्र. तो बीडला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळेत स्वतःला पटकथाकार समजतो. पैसे दोघांकडेही नव्हते. अप्पांकडे कॅमेरा होता. कमी खर्चाच्या चित्रपटाचा पहिला नियम असा आहे की ज्याचा कॅमेरा, त्याचे दिग्दर्शन. हा नियम अप्पांनीच मला सांगितला आणि त्याला अपवाद नाही, हेही सांगितले.

गोष्ट साधी होती. ऊसतोडीच्या हंगामात सारी वस्ती कारखान्यांकडे जाते. मागे राहिलेला एक म्हातारा रोज प्रत्येक बंद घराच्या तुळशीला पाणी घालत फिरतो. वस्ती गोविंदच्या आजोळची होती, त्यामुळे कुलपे खरी मिळाली. नट म्हणून तात्या मिळाले. राहिला ध्वनी, तो माझ्याकडे आला. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले आहे आणि मला पुण्यात ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा होता. तिथली अट अशी होती की उमेदवाराने ध्वनीचे काम केलेला एक तरी लघुपट एखाद्या स्पर्धेत निवडला गेलेला असावा. आम्ही जी स्पर्धा हेरली होती तिची अट त्याहून सोपी होती: लांबी पंधरा मिनिटे, एक सेकंद जास्त झाला तर लघुपट पाहिलाही जाणार नाही. माझ्या घरच्यांनी सुटकेचा दुसरा मार्ग म्हणून बी.एड.चा अर्ज आणून देवघरात ठेवला होता. आई रोज त्याच्यावरून उदबत्ती फिरवत असे. थोडक्यात, माझे पुढचे आयुष्य पंधरा मिनिटांत बसवायचे होते आणि ते बसवण्याचे काम ज्या माणसावर होते, त्याला 'थांबा' हा शब्द उच्चारता येत नव्हता.

याची कारणमीमांसा मी पहिल्याच दिवशी मागितली.

"अप्पा, तुम्ही कट कावून म्हणत नाही?"

"अहो सायन्सबाई," अप्पा म्हणाले (ते मला याच नावाने हाक मारतात, त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचे पृथक्करण मला अद्याप जमलेले नाही), "अक्षता पडताना कुनी मधीच कट म्हनतं का? अपशकून असतोय त्यो."

"इथं कुठं लग्न आहे?"

"कॅमेरा हाय की! कॅमेरा हाय म्हंजे कार्य हाय. आन राहू द्या हो, कामाला येतंय."

"राहू द्या, कामाला येतंय" हे अप्पांचे जीवनसूत्र. कोणतीही निरुपयोगी गोष्ट या चार शब्दांत पवित्र होते. त्यांच्या स्टुडिओत दांडा मोडलेल्या छत्र्या आहेत, चाक नसलेले टेबल आहे, बुरशी लागलेल्या कॅसेटींनी छतापर्यंत भरलेले कपाट आहे. त्यांतले काहीही आजवर कोणाच्याही कामाला आल्याची नोंद नाही.

त्यांचे दुसरे सूत्र म्हणजे "चेहरा यायला पायजे." लग्नात आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा चेहरा चित्रफितीत यावाच लागतो, नाहीतर वरमाईची मोठी नणंद वर्षभर बोलत नाही. हा व्यावसायिक संस्कार अप्पांनी जसाच्या तसा कलेत आणला. मागे राहिलेली वस्तीवरची एक म्हातारी काठी टेकत टेकत ऐन शॉटमध्ये आली आणि तिने विचारले, "कुनाचं लगीन हाय रं?" जगातल्या कोणत्याही दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला असता. अप्पांनी कॅमेरा तिच्याकडे वळवला.

"लगीन न्हाई, आज्जे. पिच्चर हाय."

"मंग माजं बी काढ."

"काढतोय की. पदर नीट घे. जरा हास."

म्हातारी हसली. हळूहळू ते हसू ओसरले, तिला काय करावे ते कळेना, ती कॅमेऱ्याकडे पाहत राहिली, मग तिने शेळीला दोन शिव्या दिल्या आणि निघून गेली. अप्पांनी हे सारे टिपले. शोकाकुल प्रसंगात तात्यांनाही त्यांनी अधूनमधून "तात्या, हिकडं बघून थोडं हसा" असे सुचवले. तात्या आज्ञाधारक. आमच्या नायकाच्या गालावर ग्लिसरिनचे अश्रू आहेत आणि ओठांवर वरबापाचे स्मित आहे, असे बरेच चित्रीकरण माझ्या संग्रही आहे.

माझी स्वतःची अवस्था बिकट होती. व्यावसायिक चित्रीकरणात माइक धरायला हलका दांडा असतो. आमच्याकडे शेवग्याच्या शेंगा पाडायची बांबूची आकडी होती. तिच्या टोकाला माइक बांधून ती डोक्यावर आडवी धरायची, सावली चौकटीत पडू द्यायची नाही आणि श्वासही मोजून घ्यायचा. पहिली दोन मिनिटे हे शास्त्र असते. त्यानंतर ती शिक्षा असते. तात्या कधीच निघून गेलेले, शॉटमध्ये केवळ एक बंद दार उरलेले, आणि अप्पा डोळा लावून तसेच उभे. शेवटी माझा संयम सुटायचा.

"अप्पा, झालं का? हात भरून आला."

"झालं, झालं," अप्पा म्हणायचे. आणि कॅमेरा चालू ठेवायचे.

इथे मला एक विलक्षण गोष्ट आढळली. माझ्या समजुतीप्रमाणे तक्रारीने शॉट लवकर संपायला हवा होता. प्रत्यक्षात तो लांबत होता. एकच निरीक्षण पुरावा ठरत नाही, म्हणून मी रीतसर प्रयोग केला. एके दिवशी सकाळच्या शॉटना ओठ घट्ट मिटून उभी राहिले. अप्पांनी नेहमीचा फाजील वेळ घालवून मुकाट्याने बटण दाबले. दुपारच्या शॉटना मी कुरकुरले. प्रत्येक वेळी अप्पा "झालं, झालं" म्हणाले, डोळा कॅमेऱ्यावरून काढला, समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले, आणि शॉट सकाळच्यापेक्षा लांबला. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून पाहिला. निष्कर्ष तोच आला.

"हा मनुष्य दुसऱ्याच्या वेदनेत रमतो," मी गोविंदला सांगितले. "माझ्याकडे पुरावा आहे."

"अगं, लग्नात काकू फोकस धरायच्या ना, त्यांची सवय असंल त्यांना," गोविंद म्हणाला. "आता तुला बी तसंच समजायलेत. फुकटचा गडी."

हे मला पटले. पूर्वी अप्पांच्या मागे महानंदाकाकू, त्यांच्या पत्नी, जळजळीत पांढऱ्या दिव्याचा तो फोकस दोन्ही हातांनी उंच धरून उभ्या असत. आमच्या लहानपणी त्या प्रकाशाकडे पाहिले की डोळ्यांसमोर हिरवे ठिपके नाचायचे, त्यामुळे काकूंचा चेहरा कोणालाच नीटसा दिसत नसे. त्या लिंगैक्य झाल्या, म्हणजे वारल्या, तेव्हा मी बारावीला होते. पुढे दिवे लहान झाले, कॅमेऱ्यावरच बसू लागले, आणि फोकस धरणाऱ्या माणसाची गरज विज्ञानाने संपवली. अप्पांना जुनी सवय लागली असेल. पण तिचा हप्ता माझ्या खांद्यांनी का फेडावा, हा प्रश्न उरतच होता.

चित्रीकरण आटोपून आम्ही घाटनांदूरला परतलो आणि संकलनाला बसलो. संकलन म्हणजे कापणे. हे वाक्य अप्पांसमोर उच्चारणे हीच माझी पहिली चूक ठरली.

लॅपटॉप माझा, खुर्ची अप्पांची, जागा त्यांच्या स्टुडिओची. मी एखाद्या शॉटचे शेपूट कापायला घेतले की कानाशी आवाज यायचा, "राहू द्या, कामाला येतंय." मी म्हणायचे, "अप्पा, यात नुसती शेळी आहे." "शेळीला काय कमी लेखता? आली व्हती ती." शेळी आली होती, म्हणून शेळी राहिली पाहिजे. शेवटच्या दृश्यात तर मी जेवायला गेले असताना त्यांनी परस्पर तात्यांचा चेहरा बदामाच्या आकृतीत बसवून, भोवती गुलाबाच्या पाकळ्या सोडून, गोल गोल फिरवला होता. "म्हातारा एकटा हाय, जरा शोभा आली," हे त्यामागचे कारण. दोन दिवसांनंतर आमचा पंधरा मिनिटांचा लघुपट एक तासाच्या आत यायला तयार नव्हता.

मी उपाय काढला. गोविंदने अप्पांना रोज दुपारी बसथांब्यावर चहाला न्यायचे आणि पटकथेबद्दल सल्ला विचारायचा. सल्ला देताना अप्पा कॅमेऱ्याइतकेच न थांबणारे आहेत. त्या अवधीत मी दार लावून कापत असे. शेळी गेली, गुलाब गेले, वरबापाचे स्मित गेले. चौथ्या दुपारी लांबी चौदा मिनिटे अठ्ठावन्न सेकंदांवर आली. दोन सेकंद शिल्लक! सुरुवातीला काळ्या पडद्यावर पहाटेच्या तित्तराची हाक होती. ती मी एकटीने बांधावर बसून मिळवली होती आणि तिचा मला या साऱ्या उद्योगात सर्वांत जास्त अभिमान होता. शेवटी तात्या दाराशी बसतात, अंधारते, नावे येतात. नेटके, मोजके, शास्त्रशुद्ध.

अप्पा परतले. मी त्यांना सारे दाखवले. ते गुडघ्यांवर हात ठेवून, वर्गात बसावे तसे बसले होते. एकदाही "राहू द्या" म्हणाले नाहीत.

"बेस झालंय," ते म्हणाले. "म्हातारी ठिवली ते लई बरं केलं. उद्या तिचं बरंवाईट झालं, तर तिची लेकरं कारखान्यावरनं येऊन मलाच इचारतेत." मग जरा घुटमळून म्हणाले, "पर ते शेवटचं कुठं गेलं?"

"कुठलं?"

"तात्या दाराशी बसतो, त्याच्यानंतरचं. तुमी बोलता ते."

मला आठवले. शेवटच्या शॉटच्या शेपटात, चित्र निव्वळ अंधारलेले असताना, माझाच वैतागलेला आवाज नोंदला गेला होता: 'अप्पा, झालं का? हात भरून आला.'

"अप्पा, ती चूक आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचाच आवाज फितीत आला, तर मला पुण्यात दारातूनच हाकलून देतील."

"थोडंसंच हाय. राहू द्या. कामाला येतंय."

आता माझा तोल गेला. "काय कामाला येतंय? आजपर्यंत तुमचं काय कामाला आलंय, अप्पा? ही मोडकी छत्री? ह्या कॅसेटी? मी कुरकुरले की तुम्ही मुद्दाम शॉट लांबवता, हे मी तपासून पाहिलंय. माझं वर्ष पणाला लागलंय इथं, आणि तुम्हाला गंमत वाटते?"

अप्पांनी उठून कपाट उघडले, हात घालून न शोधता एक कॅसेट काढली आणि कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रात घातली. पडद्यावर कोणाचे तरी लग्न झर्रकन पुढे पळाले: अक्षता, पंगत, रडणारी नवरी, हलणारी जीप. मग अप्पांनी फीत नेहमीच्या गतीवर सोडली. लग्न संपले होते. मांडव रिकामा होता. एक गडी खुर्च्या एकात एक घालत होता. पाहण्यासारखे काही उरलेले नसताना कॅमेरा चालूच होता. मग प्रकाश हळूच भिंतीवरून घसरला आणि जमिनीवर आला. त्या उजेडात धुळीने माखलेली दोन पावले दिसली, बोटांत जोडवी. आणि पडद्याबाहेरून आवाज आला.

"झालं का वो? हात भरून आला."

"झालं, झालं," तरुण अप्पा म्हणाले. फीत निळी झाली.

अप्पांनी दुसरी कॅसेट घातली. दुसरे गाव, दुसरा मांडव, उलटी ठेवलेली पातेली. तोच घसरलेला उजेड, तेच शब्द. या खेपेला आवाजात त्रागा होता.

"कॅमेऱ्याचं बटन कडक व्हतं," अप्पा यंत्राकडे पाहत म्हणाले. "दाबलं तरी लवकर बंद व्हायचं न्हाई. ती वैतागायची. म्हनायची, नवं घ्या. आख्ख्या तालुक्याचे चेहरे काढले मी, बाळ. फोकस धरनाऱ्याला कोन काढतंय? मी बी न्हाई काढलं. तिच्या कार्याला फोटो पायजे म्हनून हुडकला, तर आधार कार्डावरचा निघाला."

त्यांनी कॅसेट यंत्रातून काढली आणि सदऱ्याच्या टोकाने पुसली.

"बटन चांगलं असतं, तर मी टायमावरच बंद केलं असतं की," ते म्हणाले. "मंग एवढं बी न्हाई."

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. ते शेपूट सहा सेकंदांचे होते आणि माझ्याकडे जागा दोन सेकंदांची होती. उरलेले चार मी सुरुवातीच्या तित्तराकडून घेतले. तित्तर आता अर्धवटच बोलते. ते काय म्हणत होते, हे मला एकटीला ठाऊक आहे. लघुपट निवडला गेला. परीक्षकांनी पाठवलेल्या अभिप्रायात पटकथेबद्दल एक ओळ होती, ती गोविंदने मोबाइलच्या पडद्यावर कायमची लावली आहे. ध्वनीबद्दल पाच ओळी होत्या. अखेरच्या अंधारात निर्मात्यानेच स्वतःच्या श्रमाचा उच्चार करून माध्यमाच्या चौकटीलाच प्रश्न विचारला आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. पुण्यात मुलाखत घेणाऱ्यांनी हाच धाडसी विचार कसा सुचला, हे विचारले. मी गंभीर चेहऱ्याने म्हटले की दिग्दर्शकांचा आग्रह होता. मला प्रवेश मिळाला. आईने बी.एड.चा अर्ज देवघरातून काढून धाकट्या बहिणीच्या पुस्तकात ठेवला आहे.

अभिप्राय मी अप्पांना वाचून दाखवला.

"म्हंजे काय म्हनतेत?"

"म्हणजे, राहू दिलं ते बरं केलं, म्हणतेत."

"मंग!" अप्पा म्हणाले. "मी काय सांगत व्हतो?"

पुण्याला जाण्यापूर्वी मी त्यांचे कपाट उपसले. बऱ्याचशा फितींना बुरशीने खाल्ले होते. ज्या चालल्या त्यांच्यातली लग्ने मी सोडून दिली, आणि प्रत्येकीचे शेवटचे टोक, जीप निघून गेल्यानंतरचे, तेवढे लॅपटॉपवर घेतले. त्यातला काकूंचा आवाज वेगळा केला, घरघर कमी केली, सारे तुकडे एकापुढे एक लावले. काही ठिकाणी त्या हसल्या आहेत. एके ठिकाणी कोणाला तरी "सरका की बाई" म्हणाल्या आहेत. बाकी सर्वत्र हातच भरून आला आहे. मी एकही कापला नाही.

अप्पा शेजारी बसून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारले, "किती झालं?"

मी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. एक मिनिट अकरा सेकंद.